विचारावर बसू नये

विद्वानांचा आदर करणे हे प्रगत समाजाचे पहिले लक्षण आहे. त्यांचे म्हणणे ऐकणे हे त्या मानाने बरेच खालच्या क्रमांकाचे लक्षण असून, ते नसल्यामुळे एखाद्या समाजाची प्रगती थांबली असे अजून तरी कोणी सिद्ध केलेले नाही.

आमच्या शहरात असा आदर एकदा केला गेला. त्याची हकीकत क्रमाने सांगतो. मध्येच काही समजले नाही तर घाबरू नये. ते त्या वेळी मलाही समजले नव्हते, आणि मी तर समितीवर होतो. 'नागरिक प्रतिनिधी' ही जागा माझ्याकडे होती. (ही जागा निवृत्त शिक्षकाला देतात, कारण तो वेळेवर येतो आणि जाताना खुर्ची आत सरकवून जातो.)

ज्यांचा आदर करायचा होता त्यांना सगळे शहर आपा, म्हणजे ताई, म्हणते. वय चौसष्ट, उंची बेताची, आवाज हळू. विषय: इस्लामी विचार, आधुनिकता आणि वास्तुरचना. हा विषय ऐकला की लोक आधी आदराने गप्प होतात आणि मग घुमटांविषयी विचारतात. आपा अडतीस वर्षे त्यांना सांगत आल्या की माझा अभ्यास घुमटांचा नाही. त्यावर लोक म्हणत, बरोबर, कमानींचा.

आपांचे म्हणणे अवघड नाही. तिसरीतल्या मुलाला ते पहिल्या झटक्यात कळते. (पुढे शिक्षण वाढते तसतसे ते कठीण होत जाते.) जुन्या काळचे धर्मशास्त्राचे जाणकार इमारतीच्या नटण्यामुरडण्यावर फारसे बोलत नसत, असे आपा म्हणतात. त्यांच्यापुढे येत ती शेजाऱ्यांची भांडणे. तुझी खिडकी माझ्या अंगणात का डोकावते? तुझ्या पन्हळीचे पाणी माझ्या भिंतीवर का? ओझे लादलेली दोन जनावरे समोरासमोर आली तर या गल्लीतून निघतील का? म्हणजे इमारत दिसते कशी, यापेक्षा ती शेजाऱ्यापाजाऱ्यांशी वागते कशी, हा खरा विचार. आणि आधुनिकता म्हणजे जुन्या कमानीला नवी काच लावणे नव्हे. तेच जुने प्रश्न आजच्या इमारतीला पुन्हा विचारणे, ही आधुनिकता. कुठल्याही नव्या इमारतीत शिरल्यावर आपांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "इथे कोणाला न विचारता कोण बसू शकतं?"

हे सगळे त्यांनी सहाशे बारा पानांच्या ग्रंथात लिहिले आहे. त्यात 'कमान' हा शब्द दोनदा येतो. त्यातले एकदा तळटीपेत.

आपा जिथे शिकवीत ती संस्था तीन खोल्यांची. खोल्यांपुढे एक अंगण, अठरा पावले लांब आणि चौदा पावले रुंद. मध्ये पाण्याचा लहानसा हौद, कोपऱ्यात डेरेदार झाड, आणि तीन बाजूंनी दगडी कट्टा. या कट्ट्यावर कोण बसे? टपालवाला बसे, पत्रे लावून घ्यायला. समोरच्या दवाखान्यातली परिचारिका बसे, पायातले बूट काढून दहा मिनिटे. दोन म्हातारे बसत, ज्यांचे एकमेकांशी एका भिंतीवरून बोलणे बंद होते. ते रोज एकाच वेळी येऊन एकमेकांकडे पाठ करून बसत. आणि दर गुरुवारी चार वाजता अकरा मुले येत. त्यांतली एक माझी नात.

मुलांना आपा दोरी आणि खडू देत. एकाने दोरीचे टोक धरायचे, दुसऱ्याने फिरायचे, की झाले वर्तुळ. तीच दोरी वर्तुळावर सहा वेळा ठेवली की सहा ठिपके. ठिपके जोडले की तारा. ताऱ्याच्या पोटात दुसरा तारा. तासाभरात अंगण भरून जाई. शेवटी मुले भिंतीच्या सावलीच्या कडेवर खडूने रेघ ओढत आणि मागच्या आठवड्याच्या रेघेशी ताडून बघत. सावली सरकलेली असे. आपा म्हणत, "बघा, इमारत हलत नाही, पण तिचं वागणं बदलतं." निवृत्त झाल्यावर आपांनी संस्थेकडे निरोपसमारंभ मागितला नाही, शाल मागितली नाही. एवढेच मागितले: गुरुवारी चार वाजता हे अंगण.

इथपर्यंत सर्व ठीक होते. मग आदर सुरू झाला.

संस्थेचे अध्यक्ष हे आपांचे जुने विद्यार्थी. वर्गात पहिल्या बाकावर बसत. आपांचा संपूर्ण ग्रंथ त्यांना पाठ आहे, आणि मी हे अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. कुठलाही पानक्रमांक सांगा, ते सुरू होतात. त्यांनी ठरवले की आपांच्या विचाराचे कायमस्वरूपी केंद्र उभारायचे. नाव: 'अंगण-विचार अभ्यास केंद्र'. उद्देश: अंगणाचे मानवी जीवनातील स्थान जगापुढे आणणे. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. हात वर करणाऱ्यांत मीही होतो.

केंद्रासाठी सात जागा पाहण्यात आल्या. पहिल्या सहा जागांवर आधीच काही ना काही उभे होते. सातवी जागा मात्र मोकळी होती, मध्यवर्ती होती, आणि तिचा विषयाशी थेट संबंध होता. ती जागा म्हणजे आपांचे अंगण. अंगणाचे वैशिष्ट्यच हे की ते मोकळे असते, आणि बांधकामाला मोकळी जागा लागते. तेव्हा अंगण-विचाराचे केंद्र अंगणावर बांधण्यात एक प्रकारची तात्त्विक सुसंगती आहे, असे इतिवृत्तात नमूद आहे. (हे वाक्य हेडक्लार्कचे आहे. ते शांत स्वभावाचे गृहस्थ असून त्यांनी अशी वाक्ये आयुष्यभर विनातक्रार लिहिली आहेत.)

आपा अध्यक्षांच्या केबिनमध्ये गेल्या. मी तेथे सहीसाठी थांबलो होतो.

"अरे, अंगण राहू दे," त्या म्हणाल्या. "मुलं येतात."

"तेच करतोय आपा," अध्यक्षांचे डोळे भरून आले. "कायमचं करतोय."

"बांधल्यावर ते अंगण कसं राहील?"

"पान दोनशे चाळीस," अध्यक्ष म्हणाले. "'अंगण ही जागा नसून वृत्ती आहे.'"

"ते मी दुसऱ्या कोणाचं मत म्हणून दिलंय. खाली खोडून काढलंय."

"पान दोनशे एक्केचाळीस," अध्यक्षांनी आदराने मान खाली घातली. "तेही पाठ आहे."

आपा थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या, जसे आपण चांगल्या अक्षरात चुकीचे उत्तर लिहिणाऱ्या मुलाकडे बघतो.

काम शास्त्रीय पद्धतीने व्हावे म्हणून विषयाचे तीन भाग पाडून तीन उपसमित्या नेमण्यात आल्या. इस्लामी विचार उपसमितीने पाच बैठकांनंतर निष्कर्ष काढला की कमानी हव्यात. आधुनिकता उपसमितीने निष्कर्ष काढला की काच हवी. वास्तुरचना उपसमितीने निष्कर्ष काढला की गाड्या लावायला जागा हवी. तिन्ही अहवाल एकत्र शिवले आणि आर्किटेक्टकडे दिले. आर्किटेक्ट तरुण, उत्साही आणि काळ्या कपड्यांतला. त्याने आपांच्या वयाइतक्या, म्हणजे चौसष्ट कमानी काढल्या. काम चालू असताना आपांचा वाढदिवस आला, तेव्हा एक वाढवावी लागली. जागा उरली नव्हती, म्हणून पासष्टावी कमान सरळ भिंतीत उघडते. (परदेशी पाहुणे तिच्यापुढे सर्वांत जास्त वेळ थांबतात.)

झाड नकाशात आडवे येत होते. ते काढून त्याच जागी त्या झाडाचे माहितीफलक लावण्यात आले. हौद बुजवला, हौदाचे महत्त्व सांगणारी आठ मिनिटांची ध्वनिफीत आता बटण दाबल्यावर ऐकू येते. जुन्या कट्ट्याचे दगड उपटून मागच्या बाजूला ढीग करून ठेवले. टपालवाला पत्रे दवाखान्याच्या पायरीवर लावू लागला. परिचारिका उभ्यानेच बूट सैल करू लागली. त्या दोन म्हाताऱ्यांची मात्र खरी पंचाईत झाली, कारण एकमेकांकडे पाठ करायला दोघांनी एका ठिकाणी असावे लागते.

मुलांचा वर्ग त्या काळात आपांच्या घराच्या जिन्यावर भरे. एका पायरीवर एक मूल. जिन्यावर वर्तुळ काढता येत नाही. प्रयत्न करून पाहावा.

आता मुख्य भागाकडे येऊ. केंद्राच्या पुढच्या बाजूला सव्वीस फूट लांबीची दगडी भिंत योजली होती. तिचे नाव 'विचारभिंत'. तिच्यावर आपांची निवडक वाक्ये कोरायची होती. त्यासाठी कोरीवकामाचे मिस्त्री बोलावले. मिस्त्री पन्नाशीचे, कमी बोलणारे. एक गुडघा कायमचा दुखरा. त्यांनी दगड हाताने चाचपला आणि सांगितले की सात शब्दांपुढचे वाक्य या दगडाला झेपणार नाही. समितीने ग्रंथ तपासला. आपांच्या वाक्याची सरासरी लांबी सत्तेचाळीस शब्द निघाली. त्यांचे स्वतःचे सर्वांत लहान वाक्य अकरा शब्दांचे होते आणि ते अनुक्रमणिकेत होते.

समितीपुढे पेच पडला. विचार होता, भिंत होती. पण विचार भिंतीत मावत नव्हता. त्या अवघड प्रसंगी हेडक्लार्कनी एक फाइल पुढे केली. बांधकाम सुरू झाल्यापासून आपा दर आठवड्याला हरकतीचे पत्र पाठवीत होत्या. ग्रंथ लिहिताना माणूस पसरतो; तक्रार करताना आवरतो. पत्रांतले प्रत्येक वाक्य सातच्या आत होते.

अशा रीतीने, आणि कोणाच्याही मनात काडीचे कपट नसताना, आपांच्या हरकती दगडात कोरायचे ठरले. त्यांतल्या काही नमुन्यादाखल देतो.

हरकत क्रमांक १: "इथे बसायला जागा नाही." ही भिंतीच्या मधोमध, हातभर उंचीच्या अक्षरांत.

हरकत क्रमांक ४: "या काचेमुळे आत भट्टी होईल." ही काचेवरच कोरली. अक्षरांनी थोडे ऊन अडले. आपांच्या विचाराचा इमारतीवर झालेला हा पहिला प्रत्यक्ष परिणाम.

हरकत क्रमांक १२ ला पार्श्वभूमी आहे. दाराशी 'कमान म्हणजे आत्म्याची भुवई' असे एक वाक्य आपांच्या नावाने लावले होते. ते कोणी रचले याचा तपास चालू आहे. आपांनी लिहिले: "हे वाक्य माझे नाही." आता दोन्ही वाक्ये एकाखाली एक, एकाच वळणात, आपांच्या नावासह आहेत. वाचणाऱ्याला खोल काहीतरी वाचल्यासारखे वाटते.

हरकत क्रमांक १७: "माझी पत्रे कोरू नका." ही सर्वांत देखणी उतरली आहे. शेवटच्या अक्षराला वेल काढली आहे.

सतराव्या हरकतीनंतर आपा पुन्हा अध्यक्षांकडे गेल्या. शाळेत पोरगे ऐकत नसले की आपण त्याच्या उंचीपर्यंत वाकतो, तशा त्या टेबलावर वाकल्या आणि म्हणाल्या, "मी तुला काय शिकवलं रे?"

"सगळं पाठ आहे, आपा."

"तिथेच चुकलं माझं," आपा म्हणाल्या, आणि जिना उतरून गेल्या. त्यानंतर त्यांनी पत्र पाठवणे बंद केले. समितीने याची 'समाधान व्यक्त केले' अशी नोंद घेतली. मीही सही केली. मनाला बरे वाटले नाही, पण रकाना होता.

उद्घाटनाला आठ दिवस उरले असताना आर्किटेक्ट पाहणीला गेला आणि धावतपळत परत आला. विचारभिंतीच्या खाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कट्टा होता. गुडघ्याइतका उंच, दीड हात रुंद, जुन्याच दगडांचा, नीट सांधलेला. नकाशात त्याचा मागमूस नव्हता. मिस्त्रींना समितीपुढे बोलावण्यात आले.

चौकशीला दोन तास लागले, कारण समितीचे प्रश्न लांब होते आणि मिस्त्रींची उत्तरे सात शब्दांच्या आत होती. कट्टा कोणी केला? मी केला. दगड कुठून आणले? मागच्या ढिगातून. कोणाच्या आदेशावरून? येथे मिस्त्रींनी बोट दाखवले. ते बोट कोणाकडे जाते हे पाहायला सर्वांनी माना वळवल्या. ते खिडकीबाहेर, भिंतीकडे जात होते.

"'इथे बसायला जागा नाही,'" मिस्त्री म्हणाले. "नऊ दिवस कोरत होतो. रोज वाचत होतो. मला वाटलं, काम सांगितलंय."

"अहो, तो विचार आहे," अध्यक्ष म्हणाले.

"आमच्यात नकाशावर लिहिलेलं असलं की करायचं असतं. हे तर साहेब दगडावर लिहिलं होतं."

संपूर्ण प्रकल्पात आपांचे वाक्य ते काही सांगते आहे असे समजून वाचणारा माणूस हा एकच निघाला. अशी चूक शिकलेल्या माणसाच्या हातून होत नाही. म्हणून मिस्त्रींना समज देऊन सोडण्यात आले.

कट्टा पाडता येईना. तो भिंतीत इतका बेमालूम गुंतला होता की तो काढला असता तर भिंतीवरच्या सगळ्या हरकती कोसळल्या असत्या. तो तसाच ठेवला तर कोणीतरी बसेल अशी भीती. 'बसल्यास काय होईल' या विषयावर तातडीची उपसमिती नेमण्यात आली. तिने अहवाल दिला की एक माणूस बसला की शेजारी दुसरा बसतो, दोन बसले की बोलतात, आणि बोललेले इतिवृत्तात येत नाही. तेव्हा कट्टा ही कलाकृती जाहीर करण्यात आली. पुढे गुडघ्याइतक्या उंचीवर जाड लाल दोरी बांधली, तिला पितळी आकडा, आणि पाटी: 'विचारावर बसू नये.'

उद्घाटन थाटात झाले. फरशीला नवी झिलई केल्यामुळे खुर्च्या मांडल्या नव्हत्या. तीनशे निमंत्रित दीड तास उन्हात उभे होते. अध्यक्षांनी भाषणाच्या शेवटी भिंतीवरचे वाक्य वाचले: "इथे बसायला जागा नाही." लोकांना गहिवरून आले. चाळीस सेकंद टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेतल्या एका वयस्क बाई तर या वाक्यानंतर मटकन खालीच बसल्या. त्यांना पाणी देऊन परत उभे केले.

पुढचा गुरुवार आला. चार वाजता आपा अकरा मुलांना घेऊन केंद्राच्या दाराशी हजर. मी नातीला सोडायला गेलो होतो. भिंत पूर्वेकडे तोंड करून असल्यामुळे दुपारी कट्ट्यावर दाट सावली होती. मुलांनी ती ताबडतोब पाहिली. सावली पाहायला ती शिकलेलीच होती. आपा दोरीपर्यंत गेल्या आणि थांबल्या. जिना चढउतार करून त्यांच्या पायांना सूज होती.

रखवालदार नवा होता, सभ्य होता आणि त्याला एक वही दिलेली होती.

"आपा, आत जाता येणार नाही," तो म्हणाला. "तुमचा विचार आहे तो. खराब होईल."

"मग कोणाला जाता येतं?"

रखवालदाराने वही उघडली. तिच्यात तीनच रकाने होते. प्रेक्षक: दोरीबाहेर. कर्मचारी: झाडण्यापुरते आत. प्रदर्शित वस्तू: आत.

"माझं नाव कुठल्या पानावर आहे, बघ बरं," आपा म्हणाल्या.

त्याने बोट फिरवले. प्रेक्षकांत नव्हते. कर्मचाऱ्यांत असण्याचा प्रश्नच नव्हता, त्या निवृत्त. शेवटच्या पानावर, आपांचे तैलचित्र, आपांची लेखणी-दौत (त्या आयुष्यभर साध्या पेनाने लिहीत आल्या, पण दौत शोभते) आणि आपांचा जुना चष्मा यांच्याखाली हेडक्लार्कच्या वळणदार अक्षरात आपांचे नाव होते. प्रदर्शित वस्तू, क्रमांक चार.

रखवालदाराने वहीकडे पाहिले, आपांकडे पाहिले, पुन्हा वहीकडे पाहिले. मग त्याने आकडा काढला.

"मग आपा," तो जरा रागावूनच म्हणाला, "तुम्ही इतका वेळ बाहेर काय करताय?"

आपा आत गेल्या आणि बसल्या. मी त्यांना ओळखतो त्या सगळ्या वर्षांत, एखादा माणूस इतका पूर्णपणे बसलेला मी पाहिला नव्हता. मुलांचे काय, हा प्रश्न निघाला. आपा म्हणाल्या, यांच्याशिवाय मी चालत नाही. रखवालदाराने विचार करून नोंद केली: 'विदुषी, सुटे भाग, नग अकरा.' मुले फरशीवर सांडली. खडू निघाले, दोरी निघाली. झिलई केलेल्या फरशीवर खडू फार सुरेख उमटतो, ही गोष्ट आर्किटेक्टलाही माहीत नव्हती.

हा प्रकार समितीपुढे आलाच. पण वहीत सर्व रीतसर होते, आणि जे वहीत रीतसर आहे त्याच्या विरुद्ध जाण्याची आमच्या समितीची परंपरा नाही. अध्यक्ष तर आनंदाने रडलेच. ठरावाने 'जिवंत प्रात्यक्षिक, दर गुरुवारी चार ते पाच' असे नामकरण झाले आणि पाटी लागली: 'बसलेली माणसे. मूळ आकारात.'

बातमी पसरली तसे जुने लोक येऊ लागले. टपालवाला थैली घेऊन आला, नोंद झाली. परिचारिका आली, बुटांसह नोंद झाली. ते दोन म्हातारे एकाच मिनिटाला दोन दिशांनी आले आणि एकमेकांकडे पाठ करून बसले. त्यांची 'जोडी, वेगळी न करणे' अशी नोंद आहे. रखवालदाराचा नियम सरळ आहे. जो आकडा काढून आत येतो ती वस्तू. तो कोणाला अडवत नाही. वस्तूंना अडवण्याचा त्याला अधिकारच नाही. मीही आत बसतो. माझ्यापुढे 'शिक्षक, जुना, चालू स्थितीत' असे लिहिले आहे. मिस्त्री कधीमधी येऊन गुडघा लांब करून बसतात. त्यांची नोंद करायला रखवालदार विसरतो, मुद्दाम.

दोरीबाहेर गर्दी तर विचारू नका. दर गुरुवारी दीड-दोनशे माणसे येतात. अभ्यासू चेहऱ्याची, चांगल्या कपड्यांतली, विषयाची जाण असलेली. ती तापलेल्या फरशीवर तासभर उभी राहून सावलीत बसलेल्यांकडे पाहतात आणि हलक्या आवाजात म्हणतात की खरेच, आजच्या जगात बसायला जागा उरली नाही. अभिप्रायवहीत 'आपांचा विचार पटला का?' या प्रश्नाला आजवर सहा हजार चारशे सात जणांनी उत्तर दिले असून सर्वांचे उत्तर 'पूर्णपणे' असे आहे. 'मग आता काय कराल?' हा रकाना दोघांनीच भरला. एकाने 'फोटो' लिहिले आहे. दुसऱ्याने आपले अक्षर चांगले येत नसल्याबद्दल, उभ्याने लिहीत असल्यामुळे, क्षमा मागितली आहे.

कट्टा सव्वीस फूट लांब. आम्ही सगळे मिळून, म्हाताऱ्यांमधले सन्माननीय अंतर धरून, एकोणीस फूट होतो. सात फूट रिकामे राहते. आपा दर गुरुवारी थोड्या सरकतात आणि शेजारच्या दगडावर हाताने धूळ झटकतात, कोणी येईल म्हणून.

गेल्या गुरुवारी त्यांनी मला कोपराने हळूच ढोसले. "मागे तो एक जण आहे ना," त्या म्हणाल्या, "सुरुवातीपासून उभा आहे. एकेक गोष्ट ऐकतोय, अध्यक्षांना हसतोय, हेडक्लार्कना हसतोय, मान डोलावतोय. पाय नाही का दुखत त्याचे?"

मी मान वर करून पाहिले. तुम्ही होता.

मी सांगितले की आपा, ते वाचक आहेत, त्यांचे नेहमी असेच असते. आपांना ते पटलेले दिसले नाही. त्या तशाच सरकून बसून राहिल्या. रखवालदाराने मात्र वेळ वाया घालवला नाही. त्याने तुमच्याकडे एकदा पाहिले, वही मांडीवर घेतली आणि लिहिले: 'प्रेक्षक, एक. पूर्णपणे सहमत. उभा.'